ऑर्काचा पॉडकास्ट, गोव्यातून, मराठीत

म्हापशाहून एका श्रोत्याने विचारलं आहे: "ऑर्का आणि समुद्र-संवर्धन या विषयावर मराठीत स्वतंत्र पॉडकास्ट सुरू करायचा आहे. पण ऑर्का आपल्याकडे दिसत नाहीत, माझ्याकडे सागरी विज्ञानाची पदवी नाही, पाठीशी कुठली संस्था नाही. हे जमेल का? विषय पुरतील का, सामान काय लागेल, पैसे कुठून आणायचे?"

जमेल. सात वर्षं मी हेच काम पणजीतल्या दोन खोल्यांच्या घरातून करते आहे. त्याआधी आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते, आणि पदवी म्हणाल तर माझीही मराठी साहित्याची आहे. तुमच्या प्रश्नांपैकी सामानाचा सगळ्यात सोपा, पैशांचा सगळ्यात चिवट, आणि विषयाचा सगळ्यात महत्त्वाचा. म्हणून विषयापासून सुरुवात करते.

ऑर्का, इंग्रजीत ज्याला 'किलर व्हेल' म्हणतात तो समुद्री प्राणी, आवाजावर जगतो. समुद्राच्या पाण्यात नजर फार लांब पोचत नाही. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. ऑर्का मासा शोधतो तो आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून, आणि पांगलेल्या घरच्यांना जवळ बोलावतो तेही आवाज देऊन. चित्रफितीत तो काळापांढरा देखणा दिसतो, पण त्याचं जग कानाने कळतं. तुम्ही निवडलेलं माध्यम या प्राण्याला इतकं साजेसं आहे, की चित्र दाखवता येत नाही याची खंत मनातून काढून टाका. माझा एक नियम आहे: प्रत्येक भागाच्या मुळाशी एक आवाज हवा. तो सापडला नाही तर तो भाग मी पुढे ढकलते.

कॅनडाचे संशोधक जॉन फोर्ड यांनी १९८० च्या दशकात ऑर्कांच्या बोलींचा अभ्यास केला. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम सीमेवर, सॅलिश समुद्रात, 'सदर्न रेसिडेंट' म्हणून ओळखले जाणारे ऑर्का आहेत. त्यांचे तीन गट: जे, के आणि एल. तिघांच्या हाका वेगळ्या. जे गटाची नेहमीची हाक एस-१, के गटाची एस-१६, एल गटाची एस-१९ अशा क्रमांकांनी ओळखली जाते. सरावलेला माणूस हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या माइकवर, अर्धा मिनिट ऐकतो आणि कोण आलंय ते सांगतो. पेडण्याचा माणूस दोन वाक्यं बोलला की काणकोणकराला त्याचा गाव कळतो, तसंच. पिल्लू ही बोली आईच्या आणि घरच्यांच्या सहवासात शिकतं.

इथे शब्दाचा प्रश्न येतो. इंग्रजी 'पॉड'ला मराठीत सरसकट 'कळप' म्हणतात. माझ्या कानाला त्यात गुरं दिसतात. शिवाय या ऑर्कांमध्ये नर आणि माद्या दोघंही जन्मभर आईजवळ राहतात, ही गोष्ट 'कळप' या शब्दात मावत नाही. मी 'घराणं' म्हणते. गाण्यातलं घराणं त्यात आपोआप येतं आणि ते इथे चपखल बसतं, कारण गायकी गुरूकडून यावी तशी हाक आईकडून येते. गोव्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका अंतराळात गेली, तिच्यात फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच मुद्रिकेवर हंपबॅक देवमाशाचं गाणंही आहे. माझा पहिला भाग मी इथूनच सुरू केला होता. गोव्यातली एक बाई आणि समुद्रातला एक देवमासा, दोघांचा आवाज एकाच तबकडीवरून सूर्यमालेच्या बाहेर निघालेला. हे सांगितल्यावर श्रोता ऐकायला बसतो, मग त्याला सॅलिश समुद्रापर्यंत नेता येतं.

आता 'आपल्याकडे दिसत नाहीत' याबद्दल. ऑर्काला आपली वर्तमानपत्रं 'किलर व्हेल' लिहितात आणि मग भाषांतरात तो 'खुनी देवमासा' होतो. हे पहिल्या भागापासून दुरुस्त करा. तो डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी आहे. म्हणजे मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या किल्ल्याखाली पाठ दाखवून जाणारा कुबड असलेला डॉल्फिन हा त्याचा भाऊबंद. मालवण-वेंगुर्ल्याकडचे मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. 'गादाचा थोरला भाऊबंद' एवढं म्हटलं की ऑर्का परका राहत नाही. आणि हिंदी महासागर त्याला वर्ज्य आहे असंही नाही. श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ ऑर्कांच्या नोंदी होतात, तिथे फोटोंवरून एकेका ऑर्काची ओळखसूची तयार झाली आहे, आणि तिथल्या ऑर्कांचे फोटो अबुधाबीकडे दिसलेल्या ऑर्कांशी जुळले आहेत. मधला समुद्र आपलाच आहे.

फोटोवरून ओळखण्याची ही पद्धत घडवली ती कॅनडाच्या मायकेल बिग यांनी, १९७० च्या दशकात. पाठीवरच्या पंखाचा आकार, त्यावरच्या खाचा आणि पंखामागचा करडा पट्टा पाहून प्रत्येक ऑर्का वेगळा ओळखता येतो, हे त्यांनी दाखवलं. तोवर किती ऑर्का आहेत याचा कुणालाच नीट अंदाज नव्हता आणि मत्स्यालयांसाठी त्यांना बिनधास्त पकडून नेलं जात होतं. मोजणी झाली तेव्हा कळलं की उरलेत फार थोडे. सील आणि इतर सस्तन प्राण्यांवर जगणाऱ्या ऑर्कांना आज 'बिग्ज ऑर्का' म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. या कामामुळे ऑर्काची गोष्ट नावागावासकट सांगता येते, आणि तुम्ही ती तशीच सांगा. 'ऑर्का धोक्यात आहेत' या वाक्याने कुणी थांबत नाही. टोकिटेची गोष्ट सांगितली की थांबतात. १९७० च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्हमध्ये पकडलेली लहानशी मादी, मायामीतल्या एका टाकीत पन्नास वर्षांहून अधिक काळ राहिली, आणि घरी परत न्यायची तयारी चालू असतानाच १८ ऑगस्ट २०२३ ला गेली. त्या भागाला जोडून मी सांगितलं की भारताने २०१३ साली डॉल्फिन कोंडून खेळ करण्याला परवानगी द्यायची नाही असं ठरवलं. आपल्या देशाने एखादी चांगली गोष्ट केली असेल तर ती सांगताना संकोच करू नका.

जे गटातली मादी जे-३५ उर्फ तालेक्वा, तिच्याबद्दल तुम्ही बोलालच. २०१८ च्या जुलैमध्ये तिचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास गेलं आणि तिने ते सतरा दिवस डोक्यावर, तोंडात धरून वाहून नेलं. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा तेच पाहायला मिळालं, दुसऱ्या मेलेल्या पिल्लासह. हा भाग करताना मी मागे दुःखी संगीत लावलं होतं. प्रसारित करायच्या आदल्या रात्री ऐकलं आणि सगळं काढलं. नुसते दिवस मोजले: पहिला दिवस, तिसरा, नववा, सतरावा. मध्ये पाण्याचा आवाज. श्रोत्यांची सगळ्यात जास्त पत्रं त्या भागाला आली, त्यातली बरीच बायकांची, आणि पत्रांत ऑर्कापेक्षा स्वतःच्या घरच्या गोष्टी जास्त होत्या. प्राण्याच्या मनात काय चाललंय ते आपण ठामपणे सांगायला जाऊ नये. त्याने काय केलं ते नीट सांगितलं की पुरतं.

पदवी नाही, याचा अर्थ चुकायची सवलत मिळते असा नाही. उलट तुम्हाला दुप्पट तपासावं लागेल. माझी एक चूक सांगते. जे-२, जिला सगळे 'ग्रॅनी' म्हणत, ती २०१६ नंतर दिसली नाही. मी भागात सांगितलं की ती १०५ वर्षांची होती. वास्को-दा-गामाहून एका निवृत्त शिक्षकांचा संदेश आला: हे वय कुणी मोजलं? शोधलं तेव्हा समजलं की तिचा जन्म १९११ चा हा जुना अंदाज होता आणि पुढच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली होती. पुढच्या भागाची पहिली दोन मिनिटं मी त्या दुरुस्तीला दिली आणि अंदाज कसा बांधला गेला तेही सांगितलं. तेव्हापासून आकडा मी तारखेसकट सांगते. 'सदर्न रेसिडेंट किती?' याला माझं उत्तर 'जुलै २०२४ च्या गणनेत ७३' असं असतं. भाग दोन वर्षांनी कुणी ऐकला तरी तो खोटा ठरत नाही.

ग्रॅनीवरून आठवलं. ऑर्काच्या माद्या पिल्लं होणं थांबल्यावरही कित्येक वर्षं जगतात, आणि सामन मासा कमी असतो त्या वर्षी अशा वयस्क माद्या पुढे राहून घराण्याला माशांपर्यंत नेतात, असं संशोधनात दिसलं आहे. 'आजी पुढे' नावाचा हा भाग मी मंगेशीच्या एका ज्येष्ठ बाईंबरोबर केला. लहानपणी दुष्काळी वर्षांत त्यांची आजी रानातली कुठली भाजी कुठे मिळते ते दाखवायची, ते त्या बोलल्या. विज्ञान मी सांगितलं, बाकीचं त्यांनी. माझ्या मते आजवरचा हा माझा सगळ्यात चांगला भाग.

आता संवर्धन. या ऑर्कांवर तीन मोठी संकटं आहेत: चिनूक सामन कमी होणं, पाण्यातली पीसीबीसारखी टिकाऊ विषं, आणि जहाजांचा गोंगाट. तिन्हीवर भाग करा, पण गोव्यातून बोलताना तुमच्या हातात खरा जोर आहे तो गोंगाटाच्या विषयात. जहाजाच्या आवाजात ऑर्काला मासा 'ऐकू' येत नाही. म्हणून व्हँकुव्हर बंदराच्या पुढाकाराने २०१७ पासून जहाजं त्या भागात स्वेच्छेने वेग कमी करतात, आणि वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२५ पासून बोटींनी सदर्न रेसिडेंट ऑर्कांपासून हजार यार्ड, म्हणजे नऊशे मीटरहून अधिक, लांब राहायचा कायदा आहे. हे ऐकवून झालं की सिकेरी किंवा पाळोळेच्या डॉल्फिन सफरीला या. एका डॉल्फिनमागे चार-पाच बोटी, इंजीन चालू, गिऱ्हाइकाला 'दिसला' म्हणायला मिळावं म्हणून पाठलाग. आपल्याकडचा हा कुबडवाला डॉल्फिन जागतिक यादीत संकटग्रस्त आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सॅलिश समुद्रातला नऊशे मीटरचा आकडा ऐकलेल्या श्रोत्याला इथला वीस मीटरवरचा पाठलाग वेगळा सांगावा लागत नाही.

आणि आपल्या समुद्रात गाणारे आहेत, हे विसरू नका. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे इतर हंपबॅकांसारखे दरवर्षी ध्रुवाकडे जात नाहीत, इथेच राहतात. ओमानजवळच्या अंदाजानुसार ते शंभराहूनही कमी आहेत. त्यांचं गाणं गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली नोंदलं गेलं आहे, आणि ते काम दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचं आहे. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याने थेट मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि परतली. लुबान म्हणजे धूप. ऑर्काच्या पॉडकास्टमध्ये लुबानसाठी तीन भाग ठेवा.

मच्छीमारांशी बोलल्याशिवाय यातलं काही खरं वाटत नाही, आणि इथे मी केलेली सगळ्यात मोठी चूक तुम्ही करू नये म्हणून सांगते. तिसऱ्या वर्षी एका तरुण मच्छीमाराने एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटींबद्दल माझ्याशी मोकळेपणाने बोलणं केलं. या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी ती चालते हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक. मी त्याचं नाव, गाव काहीच दिलं नाही आणि समजले की माझं काम झालं. पण जेटीवर त्याचा आवाज पहिल्या वाक्याला ओळखला गेला. दोन आठवडे त्याला बर्फ मिळाला नाही, होडी लावायला जागा मिळाली नाही. मी भाग काढून टाकला, त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईची माफी मागितली. ऑर्कांच्या बोलीवर भाग करणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं की आवाज हीच ओळख असते. आता अडचणीची साक्ष मी दुसऱ्याच्या आवाजात वाचून घेते, आणि प्रत्येक पाहुण्याला त्याचा भाग प्रसारित होण्याआधी ऐकवते. 'हे काढ' म्हणाला तर कारण न विचारता काढते.

बोलायची वेळही साधावी लागते. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, घरी असतात, जाळी विणायला काढलेली असतात, माणसाला माणूस हवा असतो. वर्षभराच्या निम्म्या मुलाखती मी या दोन महिन्यांत करते. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला, की पुढे कुणाला अर्धा तास मिळत नाही. रापणकारांकडे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांकडे, जाताना पहाटे जा, दोर ओढायला हात लावा, माइक दुसऱ्या दिवशी न्या.

सामान थोडकं लागतं. घरासाठी एक डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर माइक घराबाहेरचा पाऊस आणि शेजारचा मिक्सर दोन्ही ओढून घेतो. बाहेरसाठी हातात मावणारा रेकॉर्डर, वाऱ्यासाठी केसाळ कव्हर, आणि कान झाकणारे हेडफोन. हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग करूच नका. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर नोंदवा, तयार भागाचा आवाज स्टिरिओला उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास ठेवा. पंखा बंद, फ्रीज बंद. पावसाळ्यात मी पलंगावर बसून डोक्यावरून दोन गोधड्या घेते, कौलांवरचा पाऊस बऱ्यापैकी दबतो. दमट हवेने माइकला बुरशी येते, म्हणून सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट. लांबच्या पाहुण्याला त्याच्या बाजूने फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. इंटरनेटवरचं बोलणं मध्येच फाटतं.

हायड्रोफोन पहिल्या वर्षी नको. घेतलात तर नांगरलेल्या होडीतून, इंजीन बंद करून सोडा, आणि डॉल्फिन दिसला म्हणून त्याच्याकडे वळू नका. पहिल्यांदा तुम्हाला मोहरी तडतडल्यासारखा आवाज येईल आणि यंत्र बिघडलं असं वाटेल. ती चिमटे वाजवणारी कोळंबी असते. त्याखाली लांबच्या जहाजाची घरघर. डॉल्फिनचे क्लिक शंभर किलोहर्ट्‌झच्याही वर जातात. ४८ किलोहर्ट्‌झच्या नोंदणीत २४ च्या वरचं काहीच येत नाही, म्हणून 'हा डॉल्फिनचा पूर्ण आवाज' असं श्रोत्याला सांगू नका. ऑर्कांच्या हाका संशोधन संस्थांकडून मिळवा, वापराची लेखी परवानगी घ्या आणि कुठे, केव्हा नोंदलं ते भागात बोलून सांगा.

पैशांचं थोडक्यात. पहिली दोन वर्षं खिशातून जातील. फुकट होस्टिंगवर सुरू करायला हरकत नाही, पण आरएसएस फीड, म्हणजे ज्या दुव्यावरून नवे भाग श्रोत्यांच्या अ‍ॅपमध्ये पोचतात तो, दुसरीकडे हलवता येईल एवढं बघून घ्या आणि मूळ फाइली स्वतःच्या दोन डिस्कवर ठेवा. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा माझे बरेच श्रोते एका महिन्यात दिसेनासे झाले. श्रोत्यांकडून यूपीआयने मी वर्षातून एकदाच मागते, दिवाळीनंतर, आणि कशावर किती खर्च झाला ते वाचून दाखवते. त्यातून होस्टिंग, पेट्रोल आणि संपादनाला मदत करणाऱ्या मुलीचं मानधन निघतं, माझं निघत नाही. शिकवण्या मी अजून घेते. 'डॉल्फिन नक्की दिसणार' अशी जाहिरात करणाऱ्या एका सफरवाल्याने वर्षभराचा खर्च देऊ केला होता. नाही म्हटलं. दर पंधरा दिवसांनी पंचवीस मिनिटं एवढंच ठरवा. आठवड्याला भाग काढणारे माझ्या ओळखीचे तिघं वर्षाच्या आत थांबले.

विषय पुरतील का, म्हणून तुम्ही विचारलंत. गेल्या हिवाळ्यात पेडण्याकडच्या एका तांडेलाने मला चाळीस सेकंदांचा आवाज पाठवला. रात्रीची वेळ, इंजीनची धडधड, मग कुणीतरी म्हणतो, "इंजीन बंद कर रे." धडधड थांबते. बोटीवर पाण्याच्या थपडा. आणि मग अंधारातून एक लांब, जड उच्छ्वास, पुन्हा एकदा, जरा लांबून. कुठला देवमासा ते आवाजावरून मला सांगता येणार नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. भागाच्या सुरुवातीला ते चाळीस सेकंद लावले, एका वाक्याखेरीज जसेच्या तसे. त्याने दोन अटी घातल्या होत्या: जागा सांगायची नाही, आणि बोटीवरच्या पोराचा आवाज दुसऱ्या कुणाकडून बोलून घ्यायचा. ते वाक्य माझ्या भाच्याने बोललं आहे.